घास, श्वास आणि स्वर : आवाजाच्या व गिळण्याच्या प्रयोगशाळेतील माणसे

आपल्या इंदुरात गिळण्याविषयी लेख लिहावयाचा, हे थोडे धाडसच आहे. सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस, अशी ज्या गावाची दिनचर्या, तेथे खाण्याबद्दल कुणाला काही शिकवावे लागत नाही. तरीही संपादक मंडळाने ‘या वर्षी आपल्या शाखेतील एखादा उपेक्षित विषय घ्या’ असे सुचविले, तेव्हा मला हाच विषय आठवला. घास ताटातून तोंडापर्यंत कसा येतो, हे आपण सारेच जाणतो. तो तोंडातून पोटापर्यंत कसा जातो, हे मात्र बालरोगतज्ज्ञ म्हणून वीस वर्षे काढल्यावरही मला पुरते ठाऊक नव्हते. ते ज्यांच्यामुळे कळले, त्या माणसांची व त्यांच्या कामाची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक रुग्ण, एक प्रश्न

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. साडेतीन वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. जन्मतः गुदमरल्यामुळे त्यास सेरेब्रल पाल्सी झाली होती. मान अजून पुरती सावरली नव्हती. एका वर्षात त्यास चौथ्यांदा न्यूमोनिया झाला. दर वेळी क्ष-किरण चित्रात उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात सावली दिसे, दर वेळी मी प्रतिजैविके देई आणि दर वेळी तो बरा होऊन घरी जाई. क्षयाच्या तपासण्या झाल्या, प्रतिकारशक्तीच्या झाल्या. काही निघाले नाही. आई नोकरीस जात असल्याने त्याचे सारे खाणेपिणे आजी पाहत. ‘जेवताना ठसका लागतो का?’ असे मी त्यांना विचारले होते. ‘छे हो, मुळीच नाही. अगदी शहाण्यासारखा जेवतो,’ असे त्यांनी सांगितले. मी तशी नोंद केली आणि पुढे गेले.

त्याच्या बोलण्याच्या तपासणीसाठी एक तरुण स्पीच थेरपिस्ट आली होती. कागद चाळून झाल्यावर तिने संकोचत विचारले, “मॅडम, हा जेवतो कसा, ते आपण कधी पाहिलंत?”

मी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी आजींना डबा घेऊन बोलाविले. त्यांनी नातवास मांडीवर आडवे घेतले, मान हातावर मागे कलती ठेवली आणि पातळ वरणभात पळीपळीने तोंडात सोडू लागल्या. मुलगा खोकला नाही. पण तिसऱ्या-चौथ्या पळीनंतर त्याच्या डोळ्यांत पाणी आले, श्वास जलद झाला आणि हुंकारात गुळणी भरल्यासारखी घरघर येऊ लागली. पुढे क्ष-किरणतज्ज्ञ स्नेह्यांच्या साह्याने बेरियम देऊन पडद्यावर पाहिले, तेव्हा द्रवाची रेघ सरळ श्वासनलिकेत उतरताना दिसली. आणि तरीही तो खोकला नाही. ‘ठसका लागत नाही’ हे आजींचे म्हणणे अक्षरशः खरे होते. अपुरा होता तो माझा प्रश्न.

आजी पडद्याकडे पाहत होत्या. “म्हणजे डॉक्टरबाई, मीच त्याला आजारी पाडत होते का हो?” असे त्या म्हणाल्या. मला नीट उत्तर देता आले नाही. ते देता यावे, म्हणून मी या विषयाचे वाचन सुरू केले.

एकच चौक, दोन रस्ते

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी थोडी शरीररचना सांगते. घशात हवेचा आणि अन्नाचा रस्ता एकमेकांस छेदतो. नाकातून आलेली हवा पुढच्या बाजूच्या श्वासनलिकेत जावयाची असते, तर तोंडातून आलेला घास मागच्या बाजूच्या अन्ननलिकेत. या चौकात स्वरयंत्र हे पहारेकऱ्यासारखे उभे असते. घास येताच ते वर व पुढे सरकते, त्यावरील झाकण खाली वळते, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे वरचे दार उघडते. घशातील हा सारा प्रकार साधारणतः एका सेकंदात आटोपतो. त्यासाठी तीसहून अधिक स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या बारा मज्जातंतूंच्या जोड्यांपैकी पाचवी, सातवी, नववी, दहावी व बारावी अशा पाच जोड्या एका तालात काम करतात. त्यांचा मेळ घालणारे केंद्र मेंदूच्या खोडात असते.

गर्भ आईच्या पोटातच गर्भजल गिळू लागतो. परंतु चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ जमण्यास गर्भावस्थेचा सुमारे चौतिसावा आठवडा उजाडावा लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळास आपण नळीने दूध देतो, त्याचे हे एक प्रमुख कारण.

स्वरतंतूंचे मूळ काम श्वासमार्गाचे रक्षण हे आहे. बोलणे आणि गाणे ही त्यांनी नंतर पत्करलेली कामे. म्हणूनच अनेक विद्यापीठांत आवाजाचा आणि गिळण्याचा अभ्यास एकाच छताखाली चालतो.

प्रयोगशाळेत कोण कोण असते?

प्रयोगशाळा म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे परीक्षानळ्या आणि सूक्ष्मदर्शक येतात. गिळण्याच्या प्रयोगशाळेचे मुख्य साधन मात्र क्ष-किरणांचे चलच्चित्र हे आहे. पूर्वी बेरियमचा भला मोठा घोट देऊन अन्ननलिकेतील अडथळा शोधला जाई. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जेरी लोगमन या विदुषीने त्या पद्धतीस वेगळे वळण दिले. मोजून घेतलेले छोटे घोट, निरनिराळी घनता, रुग्ण बसलेला आणि चित्रण बाजूने, अशी तिची रीत. अडथळा कोठे आहे एवढेच न पाहता, गिळण्याची क्रिया कोठे चुकते आणि काय केले असता ती सुधारते, हे त्याच बैठकीत पाहावयाचे. त्यांचा या विषयावरील पाठ्यग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. २०१४ साली त्या निवर्तल्या. वैद्यक शाखेतील वाचकांनी आवर्जून ध्यानात घ्यावे, की लोगमन या वैद्य नव्हत्या. त्या वाचाउपचारतज्ज्ञ होत्या.

दुसरे मोठे केंद्र म्हणजे मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठ. मी तेथे गेलेले नाही. तेथील माणसांस मी त्यांच्या शोधनिबंधांतून ओळखते. त्या निबंधांच्या शीर्षाखालील नावे वाचली, की हे काम एका शाखेचे नाही, हे ध्यानात येते. वाचाउपचारतज्ज्ञ घोट देतो आणि क्रियेचा अर्थ लावतो. क्ष-किरण विभागातील मंडळी चित्रण करतात. येथे सेकंदाला तीस चित्रे घेण्याचा आग्रह असतो, कारण घास चुकीच्या वाटेने गेल्याचा पुरावा कधी कधी एक-दोन चित्रांतच सापडतो. कान-नाक-घसातज्ज्ञ दुर्बिणीने स्वरयंत्र पाहतो. अभियंता दाब व ध्वनी मोजणारी उपकरणे सिद्ध करतो. संख्याशास्त्रज्ञ निष्कर्षास लगाम घालतो. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी अंधाऱ्या खोलीत बसून एकेक चित्र पुढे सरकवीत, स्वरयंत्र कोणत्या चित्रात उचलले आणि दार कोणत्या चित्रात उघडले, ते टिपतात. तेच चित्रण दुसरा निरीक्षक स्वतंत्रपणे वाचतो, आणि दोघांचे कितपत जुळते, हेही मोजले जाते.

तेथे उंदीरही आहेत. नेडीन कॉनर व मिशेल सिउची या संशोधिकांनी वार्धक्य आणि कंपवात यांचा जिभेवर व आवाजावर होणारा परिणाम उंदरांत अभ्यासला. उंदीर आपणांस ऐकू न येणाऱ्या उच्च पट्टीत, सुमारे पन्नास किलोहर्ट्झच्या आसपास, एकमेकांशी संवाद साधतात. तो आवाज यंत्राने टिपता येतो. पाण्याच्या थेंबासाठी जिभेने चकती दाबावयास उंदरास शिकविले जाते. तोच त्याचा जिभेचा व्यायाम.

याखेरीज एक मोठा वर्ग नेहमीच अनामिक राहतो. तो म्हणजे स्वयंसेवक. जोॲन रॉबिन्स यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या दहा निरोगी स्त्री-पुरुषांनी आठ आठवडे जीभ टाळूकडे दाबण्याचा व्यायाम केला आणि त्यांच्या जिभेची शक्ती वाढल्याचे दिसले. स्वतःस काही झालेले नसताना खडूसारखा बेचव घोट गिळावयाचा आणि रोज व्यायामाची नोंद ठेवावयाची, हे सोपे नाही. निरोगी माणूस कसा गिळतो हे अशांनीच दाखविले. त्यावाचून आजारी माणसाचे काय चुकते, हे ठरविताच आले नसते.

आठ पायऱ्यांची मोजपट्टी

१९९६ साली जॉन रोझेनबेक, रॉबिन्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी घास श्वासमार्गात किती खोल गेला हे सांगणारी आठ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. आज ती जगभर वापरली जाते. पहिल्या पायरीत काहीच श्वासमार्गात शिरत नाही. दुसऱ्या ते पाचव्या पायरीत अन्न स्वरयंत्रात शिरते, परंतु स्वरतंतूंच्या खाली उतरत नाही. ते तंतूंस टेकले की नाही आणि बाहेर फेकले गेले की नाही, यावरून या चार पायऱ्या ठरतात. सहाव्या पायरीत अन्न तंतूंखाली उतरते, पण बाहेर फेकले जाते. सातवीत ते बाहेर फेकण्याचा प्रयत्न होतो, पण यश येत नाही. आठवीत तसा प्रयत्नही होत नाही.

ही आठवी पायरी म्हणजेच मूक ॲस्पिरेशन. माझा रुग्ण नेमका या पायरीवर होता. ज्या मुलाचा ठसका आपल्या कानी पडतो, तो मुलगा सातव्या किंवा त्याहून वरच्या, म्हणजे बऱ्या पायरीवर असतो. जो मुकाट जेवतो, त्याची काळजी अधिक करावी लागू शकते. ‘ठसका लागत नाही’ हे वाक्य मी वीस वर्षे दिलासा म्हणून लिहीत आले होते. मेंदूस इजा झालेल्या बालकाच्या बाबतीत तो दिलासा नाही, हे या मोजपट्टीने मला शिकविले.

अपेक्षेहून वेगळे निघालेले उत्तर

या मंडळींविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला, तो त्यांच्या आणखी एका कामामुळे. पातळ द्रव श्वासमार्गात जात असेल तर तो घट्ट करून द्यावा, हा उपाय वर्षानुवर्षे रूढ आहे. लोगमन, रॉबिन्स व सहकाऱ्यांनी त्याची कसोटी घेतली. स्मृतिभ्रंश किंवा कंपवात असलेल्या रुग्णांत हनुवटी खाली घेऊन गिळणे आणि द्रव घट्ट करून देणे, या दोन उपायांची तुलना केली. पडद्यावर पाहता, मधाइतका घट्ट केलेला द्रव श्वासमार्गात सर्वांत कमी वेळा गेला. म्हणजे रूढ उपाय जिंकला, असे वाटावे. परंतु त्यांनी ५१५ रुग्णांचा पुढे तीन महिने मागोवा घेतला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात न्यूमोनियाच्या प्रमाणात दोन्ही गटांत निश्चित म्हणावा असा फरक आढळला नाही. शरीरातील पाणी कमी होण्याचे प्रमाण मात्र घट्ट द्रव घेणाऱ्यांत ६ टक्के, तर हनुवटी खाली घेणाऱ्यांत २ टक्के भरले. पडद्यावर दिसणारा लाभ रुग्णाच्या आयुष्यात तसाच उतरेल असे नाही, हे त्यांनी स्वतःच्याच क्षेत्रातील आवडत्या उपायाविषयी लिहून ठेवले.

हा अभ्यास प्रौढांचा आहे. तो मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही. परंतु मुलांच्या बाबतीतही सावधगिरीची गरज आहेच. झँथन गमयुक्त घट्टकारक वापरलेल्या अकाली जन्मलेल्या काही बाळांत आतड्यांचा प्राणघातक दाह आढळल्याने, असे घट्टकारक अकाली जन्मलेल्या बाळांस देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली दिला.

‘घट्ट’ म्हणजे किती घट्ट, हाही प्रश्न आहे. एका घरची पेज दुसऱ्या घरचे पाणी असते. त्यासाठी २०१३ पासून एका आंतरराष्ट्रीय गटाने शून्य ते सात अशा पातळ्या ठरविल्या. पातळ पदार्थांची चाचणी तर अगदी साधी आहे. ठरावीक मापाच्या दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये द्रव भरावयाचा, दहा सेकंद वाहू द्यावयाचा आणि मागे किती उरला ते पाहावयाचे. एक मिलिलिटरहून कमी उरला तर तो पाण्यासारखा पातळ. आठहून अधिक उरला तर बराच घट्ट. शोध असाही असू शकतो, की जो खेड्यातील परिचारिकाही वापरू शकेल.

आवाजाच्या बाजूचे काम

आवाजाच्या क्षेत्रातही असेच चिकाटीचे काम झाले आहे. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभराच्या वर, स्त्रीचे दोनशेच्या आसपास आणि रडणाऱ्या तान्ह्या बाळाचे चारशेहून अधिक वेळा कंप पावतात. इतकी गती डोळ्यास दिसत नाही. म्हणून लुकलुकत्या प्रकाशाने ती मंद झाल्याचा भास निर्माण करून पाहतात. जपानमधील कुरुमे विद्यापीठाचे मिनोरु हिरानो यांनी १९७०च्या दशकात स्वरतंतूंची थरांची रचना उलगडली. विस्कॉन्सिनच्या डायन ब्लेस यांच्यासह त्यांनी या प्रकाशतपासणीवर लिहिलेला ग्रंथ १९९३ साली आला. नवजात बालकात हे थर वेगळे झालेले नसतात. ते वाढीबरोबर, कुमारवयापर्यंत घडत जातात. २०१५ साली विस्कॉन्सिनमध्येच नेथन वेलहॅम यांच्या गटाने मानवी पेशींपासून स्वरतंतूंचे आवरण प्रयोगशाळेत वाढविले आणि ते मृत प्राण्याच्या स्वरयंत्रात बसवून, हवा फुंकली असता कंप पावून ध्वनी उमटवते, हे दाखविले. रुग्णांपर्यंत पोचण्यास अशा कामास बराच काळ लागतो. तरीही दिशा आशादायक आहे.

आपल्यासाठी त्यातील व्यवहारोपयोगी भाग असा, की आवाज हा गिळण्याचा साक्षीदार आहे. जेवणानंतर मुलाचा आवाज ओलसर, घरघरीत झाला, तर काहीतरी स्वरतंतूंजवळ रेंगाळले आहे, असे समजावे.

आपण काय करावे?

मॅडिसनची प्रयोगशाळा आपल्या दवाखान्यात येणार नाही. पण तेथील दृष्टी येऊ शकते. माझ्या व्यवहारात मी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळते.

१. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या प्रत्येक बालकास, विशेषतः सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम किंवा टाळूचा दोष असल्यास, मी स्वतः एकदा जेवताना पाहते. डबा घरचा आणि भरविणारी व्यक्ती नेहमीचीच असावी.

२. ठसक्याखेरीज पाच गोष्टी विचारते : डोळ्यांत पाणी येते का? आवाज ओलसर होतो का? श्वास जलद होतो का? जेवणास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो का? वजन वाढते का?

३. भरविताना मूल शक्यतो बसते, डोके आधार देऊन मध्यरेषेत आणि मान मागे न कलंडू देता धरावे. आपल्याकडे ठसका लागला, की घरातील वडीलधारी ‘वर बघ, वर बघ’ म्हणत टाळूवर थापटतात. मायेचा भाग सोडता त्यात लाभ नाही. मान मागे गेल्याने श्वासमार्ग अधिकच उघडा पडतो. मूल जोराने खोकत असेल तर त्यास खोकू द्यावे. ठसका हा राखणदार आहे. मात्र आवाजच निघेनासा झाला, मूल निळे पडू लागले, तर ते गुदमरणे होय. तेथे क्षणही न दवडता प्रथमोपचार करावेत.

४. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही म्हण व्यवहारात चालत असेल. औषध पाजताना ती विसरावी. नाक दाबलेले मूल तोंडाने श्वास ओढते आणि औषधही त्या श्वासाबरोबर आत जाते. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडणे, निजलेल्या बाळाच्या तोंडात तूप किंवा गुटी ओतणे, हेही टाळावे. फुफ्फुसात उतरलेल्या तेला-तुपाने होणारा न्यूमोनिया लवकर हटत नाही.

५. द्रव घट्ट करावयाचा की नाही, मानेची कोणती स्थिती योग्य, हे तज्ज्ञाच्या तपासणीनंतरच ठरवावे. एकाचा उपाय दुसऱ्यास अपाय ठरू शकतो.

६. वाचाउपचारतज्ज्ञास ‘बोलणे शिकविणारी ताई’ एवढेच समजू नये. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग संस्था यांसारख्या ठिकाणी अनेक वर्षे हे शिक्षण दिले जात आहे. आपल्या मंडळातील तरुण डॉक्टरांनी आपल्या शहरातील अशा तज्ज्ञांची ओळख करून घ्यावी.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर

पुढील भेटीत मी आजींना सांगितले, “तुम्ही आजारी पाडलं नाहीत. तुम्ही त्याला सांगितल्याप्रमाणे, पोटभर आणि प्रेमानं भरवलंत. तो जेवतो कसा, हे पाहणं माझं काम होतं आणि ते मी चार न्यूमोनिया होईपर्यंत केलं नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पिशवीतून चमचा काढला आणि “किती भरायचा ते दाखवा,” असे म्हणाल्या.

बसण्याची पद्धत, घासाचे आकारमान व घनता बदलल्यावर पुढील वर्षी तो एकदाच दाखल झाला. तरीही वजन वाढेना. पाचव्या वर्षी त्याच्या पोटात नळी बसवावी लागली. तो निर्णय घरातील सर्वांना जड गेला, आजींना सर्वांत जड. ‘मग मी त्याचं काय करायचं?’ असे त्यांनी त्या तरुण थेरपिस्टला विचारले. तिने त्यांना चवीपुरता वाटा राखून दिला. बसवून, मान सावरून, बोटाच्या टोकावर राहील इतकाच.

त्यानंतर घरी सत्यनारायण झाला, की प्रसादाच्या शिऱ्याचे ते बोट आजीच लावीत. तो जीभ फिरवी आणि हुंकार देई. त्या हुंकारात घरघर नाही ना, हे आजी कान देऊन ऐकत. आता मीही ऐकते.